कच्च्या सोयाबीनचं पहिलं पोतं

मोडनिंबच्या अलीकडच्या आमच्या गावात मला ओळखणारी माणसं दोन प्रकारची आहेत. काहीजण मला अमक्याची सून म्हणून ओळखतात आणि बाकीचे सगळे 'जिनं सोयाबीन कच्चं ठेवलं ती' म्हणून. दुसरी ओळख जास्त पक्की आहे. परवा बाजारात शेपूची जुडी निवडत होते, तर भाजीवालीनं शेजारणीला कोपरानं ढोसलं आणि मला नीट ऐकू येईल इतक्या हळू आवाजात सांगितलं, "हीच की ती, खाद्याच्या मशीनवाली." मी जुडी तिथंच ठेवली आणि पलीकडच्या गाड्यावरून घेतली. पलीकडचा शेपू शिळा होता, तरी घेतला.

मी सोलापूर शहरातली. वडील कचेरीत कारकून, आई शाळेत. रसायनशास्त्र घेऊन पदवी झाली आणि लग्न करून मी शेतकऱ्याच्या घरात आले. रसायनशास्त्राचा इथं उपयोग काय, असं सगळ्यांनी विचारून झालं. मलाही काही वर्षं उत्तर सापडलं नाही. मग आमच्याकडे सोयाबीन वाढत गेलं. पूर्वी खरिपात तूर, मूग, उडीद असायचे. आता जिकडं बघावं तिकडं सोयाबीन. मळणी झाली की व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा आणि सगळा माल लातूरकडं जायचा. थोड्या दिवसांनी त्याच रस्त्यानं पशुखाद्याची छापील पोती यायची. वर तरतरीत गाईचं चित्र, आत आमच्याच सोयाबीनची पेंड आणि बरंचसं आणखी काहीबाही. आमच्या बायका ती पोती डोक्यावर घेऊन गोठ्यात न्यायच्या. मला ते बघून चीड यायची. एकदा जेवताना मी बोलून दाखवलं, की इथलं सोयाबीन इथंच शिजवून इथल्याच गाईंना घातलं तर? सासरे हसले. नवरा हसला नाही. त्याचं तेव्हाचं ते न हसणं मला फार आवडलं होतं, हे इथं लिहून ठेवते, कारण पुढं त्याच्याविषयी चांगलं लिहायला फारशी जागा नाही.

त्याच्यामुळेच शेतकऱ्यांचा गट उभा राहिला. गावातली माणसं त्यानं जमवली, अर्ज-बिर्ज त्यानं केले. थोरल्या मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांच्या मोठ्या भावांनी, रस्त्याकडेची आपली पडीक जागा शेडसाठी दिली. घरात आणि गावात त्यांचा शब्द शेवटचा. जागा त्यांनी मनापासून दिली, त्यात खोट नव्हती. पण जागेसोबत ते स्वतःही आले.

सोयाबीन शिजवायचं मशीन यायच्या आधी मी आणि नवरा दोघं मिळून ते शिकून आलो. काम समजायला अवघड नाही. कच्चं सोयाबीन जनावराला नीट पचत नाही. शिवाय त्यात एक द्रव्य असतं, त्याची युरियाशी गाठ पडली की युरियाचा झपाट्यानं अमोनिया होतो. आमच्याकडे बरेच जण वाळक्या कडब्यावर युरिया आणि गुळाचं पाणी शिंपडून गाईला घालतात. डेअरीच्या शिबिरात तसं शिकवलेलं असतं. बेतानं घातलं तर चालतं. पण त्यावर कच्चं सोयाबीन पडलं तर गाईच्या पोटातच विष तयार होतं. म्हणून सोयाबीन पुरतं शिजलं पाहिजे. आमच्या मशीनला खाली जाळ नव्हता. जाड नळकांड्यातून दाणे दाबत दाबत पुढं जायचे, घासून घासून तापायचे आणि त्याच तापानं शिजून फुलून बाहेर पडायचे. फक्त नळकांडं तापेपर्यंत जी पहिली घमेली निघतात ती अर्धी कच्ची. ती तशीच उचलून पुन्हा वरून आत टाकायची. गार तव्यावर टाकलेली भाकरी जशी, तसंच ते. यात शास्त्रबिस्त्र काही नाही.

मी तपासणी शिकले. चिमूटभर पीठ बशीत घ्यायचं, त्यावर युरिया घातलेलं एक पिवळसर पाणी टाकायचं. माल शिजला असेल तर पिवळंच राहतं, कच्चा असेल तर लालभडक होतं. नवऱ्याला बशी लागायची नाही. त्याला वासावरून कळायचं. कच्च्या मालाला हिरवट, शेंगेचा वास येतो आणि शिजलेल्याला फुटाण्यांचा. शिकवणारे म्हणाले, यांचं नाक तुमच्या बशीपेक्षा बरं आहे. तो लाजला होता.

उद्घाटनाचा मुहूर्त सकाळचा निघाला. मी थोरल्या मामंजींना म्हटलं, पाहुणे यायच्या आधी मशीन थोडं चालवून तापवून घेऊ, म्हणजे त्यांच्यासमोर चांगला माल पडेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी देवघरात चप्पल घालून शिरले.

"नारळ फुटायच्या आदी मशीन चालवती व्हय?" ते म्हणाले. "निवद दाखवायच्या आदी उष्टा करती का गं तू?"

आम्ही थांबलो. पाहुणे तालुक्याचे, ते त्यांच्या वेळेनं म्हणजे उशिरा आले. नारळ फुटला, बटण दाबलं गेलं, मशीन घरघरायला लागलं आणि सगळे टाळ्या वाजवत असताना गार नळकांड्यातून पहिला माल पडायला लागला. ओलसर, पिठूळ. हिरवट वास सगळ्या शेडभर. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याचं नाक आक्रसलेलं होतं. त्याला कळलेलं होतं, माझ्याइतकंच.

मी घमेलं उचलून परत वर टाकायला निघाले, तर थोरल्या मामंजींनी हात आडवा धरला. "त्ये पोत्यात भर."

आमच्या या घराण्यात एक रीत आहे. शेतात, गुऱ्हाळात, कशातही नवं काही निघालं की पहिलं माप माहेरवाशिणीचं. ज्वारीची रास झाली की पहिली पायली लेकीला, गूळ झाला की पहिली ढेप लेकीला. रीत गोड आहे, मी तिला नावं ठेवत नाही. घरातल्या लेकी म्हणजे आता एकच, आत्याबाई. थोरल्या मामंजींची आणि माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर त्या माहेरच्या गावी येऊन स्वतंत्र बिऱ्हाड करून राहिल्या होत्या. कुणाकडे हात पसरायचा नाही म्हणून एक काळीपांढरी संकरित गाय पाळली होती आणि तिच्या दुधावर त्यांचं चालायचं. त्या दिवशी त्या नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

"मामंजी, हा माल कच्चा आहे," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, मशीनच्या आवाजात दुसरा उपाय नव्हता. "हा परत टाकायचा असतो. पहिलं पोतं थोड्या वेळानं भरू."

"थोड्या वेळानं भरल्यालं पयलं कसं आसंल?" ते म्हणाले, आणि पाहुणे हसले.

मग मी बशी आणली. म्हटलं, डोळ्यांनी बघितलं तर पटेल. चिमूटभर माल टाकला, वरून पाणी सोडलं आणि बशी त्यांच्यासमोर धरून उभी राहिले. थोड्या वेळानं गुलाबी ठिपके उठले, मग सगळं लाल झालं. मी म्हणत होते, हे बघा, लाल झालं, म्हणजे कच्चं आहे. पाहुण्यांना त्यातलं निम्मं ऐकू गेलं असेल. ते म्हणाले, "वा, काय रंग चढलाय!" आणि त्यांनी टाळी वाजवली. मागोमाग सगळ्यांनी वाजवली. लाल रंग आणि तोही शुभकार्यात, मग त्यात वाईट काही असेल हे कुणाच्या मनात कसं येणार! कुणीतरी फोनवर फोटो काढला. तो फोटो अजून गावाच्या ग्रुपवर फिरतो. मी लाल बशी उचलून धरली आहे आणि माझं तोंड उघडं आहे. लोक म्हणतात मी हसते आहे. मी ओरडत होते.

मी नवऱ्याचा हात धरून त्याला मशीनमागं ओढलं. "अहो, तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतील."

"आत्ता पाव्हण्यांच्या म्होरं नगं," तो म्हणाला. "संध्याकाळी मी पोतं बदलून देतो की. गुपचूप."

पोत्यावर हळदकुंकू वाहिलं, गुलाल टाकला, हार घातला आणि ते आत्याबाईंच्या ओटीत घालावं तसं त्यांच्या पायाशी ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले. मी वाकून त्यांच्या कानाशी म्हटलं, "आत्याबाई, हे गाईला घालू नका हं. संध्याकाळी चांगलं आणून देतो."

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "मानाचं हाय गं, पोरी. मान कुटं बदलून घेत्यात व्हय?"

त्यांना काय वाटलं असेल ते मला नंतर कळलं. त्यांना वाटलं, सून म्हणून मला त्यांचा मान खुपतोय.

दुपारी जेवणावळ झाली. मशीन तोवर चांगलं तापलं होतं आणि पुढचा सगळा माल फुटाण्याच्या वासाचा, खमंग पडत होता. बशी पिवळीच राहत होती. मी बदलीचं पोतं भरून, शिवून दाराशी ठेवलं. नवरा मांडववाल्याच्या खुर्च्या पोचवायला गेला होता. आल्यावर नेतो म्हणाला होता. मी म्हटलं, मीच नेते, तर सासूबाईंनी पाहुण्यांच्या बायकांना चहा द्यायला मला आत बसवलं.

आत्याबाईंनी घरी गेल्या गेल्या मानाच्या पोत्यातला माल गाईला घातला. एरवी घालतात त्यापेक्षा हात सैल सोडून घातला, कारण सणाचा दिवस. आणि रोजच्यासारखा युरिया-गुळाचं पाणी शिंपडलेला कडबा पुढं होताच.

निरोप आला तेव्हा मी कपबशा विसळत होते. पळत गेले. गाय थरथरत होती, तोंडाला फेस, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. मला बघितल्याबरोबर कळलं. जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले, मी निघालोय, तोवर व्हिनेगर आणि गार पाणी पाजा. गावात व्हिनेगर कुठून असणार? एकजण मोटारसायकलवर मोडनिंबला गेला आणि हायवेवरच्या चायनीजच्या गाड्यावरून बाटल्या उचलून घेऊन आला. तोवर गाईनं पाय ताणले होते. डॉक्टर आले, बघितलं, पोत्यातला माल हातावर घेऊन हुंगला आणि म्हणाले, "हे कच्चं आहे. कुणी केलं?"

एवढाच प्रश्न. त्या बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं. गोठ्यापाशी सगळं गाव जमलं होतं. आत्याबाई गाईच्या मानेवर डोकं टेकून बसल्या होत्या, नव्या लुगड्याला शेण लागलं होतं. थोरले मामंजी काठीवर हात ठेवून उभे होते. त्यांनी आधी बहिणीकडे बघितलं, मग जमलेल्या माणसांकडे आणि मग माझ्याकडे.

"हिनं कच्चं ठिवलं," ते म्हणाले.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो माझ्या शेजारीच होता, इतका जवळ की त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. एका वाक्याचं काम होतं. 'ती नको म्हणत होती', एवढंच. त्यानं खाली बघितलं.

मीच सांगितलं मग. सगळं सांगितलं, नारळाचं, घमेल्याचं, बशीचं. रडत सांगितलं, हेच चुकलं असं लोक म्हणतात, रडणाऱ्या बाईचं कोण ऐकतं. थोरले मामंजी म्हणाले, "मेलेल्या जनावराम्होरं उलट बोलतीस?" ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. मला वाटतं, त्या क्षणी ते खरंच विसरले. आपल्या हातानं बहिणीची गाय मारली हे डोक्यात घेऊन जगण्यापेक्षा विसरणं सोपं होतं, आणि विसरायला मी हाताशी होते.

मग सुरू झालं. गटातली माणसं त्या दुपारी नेलेली पोती परत आणून टाकू लागली. त्यातला प्रत्येक दाणा शिजलेला होता, मी तपासलेला होता. मी त्यांच्यासमोर मूठभर खाद्य खाऊन दाखवलं. एकजण म्हणाला, "माणसाला काय हुतंय?" मी दुसरी मूठ आमच्या गाईला घातली, तर म्हणाला, "तुमच्या गाईला सवय आसंल." बायकांचं निराळंच. बाईच्या जातीला शिजवता येईना म्हणजे काय, असं त्या विहिरीवर बोलायच्या. उद्घाटनाच्या आधी ज्या बायका मशीन बघायला माझ्याकडे येऊन बसायच्या, माझ्याकडून ती बशी शिकायच्या, त्याच. फोटोही कामाला आला. हिनं त्यात लाल रंग मिसळला, असंही कुणी उठवलं.

त्या सगळ्या दिवसांत मी नवऱ्याला दुसरं काही मागितलं नाही. भांडले, अबोला धरला, माहेरी जाते म्हणून पिशवी भरली आणि पुन्हा रिकामी केली, पण मागणं एकच होतं. तुम्हाला माहीत आहे ते चौघांत सांगा. तो म्हणायचा, थोरल्यांना या वयात तोंडघशी कसं पाडायचं? मी म्हणायचे, आणि मला? तो म्हणायचा, तू तरुण हायस, लोक इसरत्याल. सांगायचं तर मला त्या मशीनचं एवढं काही उरलं नव्हतं. ते बंद पडलं असतं तरी मी रडून गप्प बसले असते. मला ते एक वाक्य हवं होतं. ते माझं होतं आणि त्याच्यापाशी अडकून पडलं होतं.

शेवटी गटाची बैठक ठरली. शेडमध्येच. युनिट चालवायचं की मोडून टाकायचं, हे ठरवायला. त्या दिवशी निघताना तो आपण होऊन म्हणाला, "आज मी बोलतो. तू गप बस फक्त."

मला इतका आनंद झाला की मी आरशासमोर उभी राहून पुन्हा वेणी घातली. वाटेनं मी त्याच्या बरोबरीनं चालले. बऱ्याच दिवसांनी.

सगळे आले होते. आत्याबाई आल्या होत्या, त्यांच्याकडे बघवत नव्हतं. थोरले मामंजी खुर्चीत. बोलणी झाली, चढ्या आवाजात झाली, आणि मग तो उठला. मी बसल्या जागी ताठ झाले. त्यानं घसा साफ केला आणि दोन्ही हात जोडले.

"माझ्या बायकोकडनं चूक झाली," तो म्हणाला. "तिची शिकायची वेळ, मशीन नवं. तिच्या वतीनं मी सगळ्यांची माफी मागतो. आत्याबाईंची पायावर डोकं ठिवून मागतो. गाय आम्ही दिऊ. पर युनिट मोडू नगा. लई कष्टानं हुबं केलंय."

आणि त्यानं खरोखर आत्याबाईंच्या पायावर डोकं ठेवलं.

शेडमधली हवाच बदलली. इतके दिवस आक्रसलेले चेहरे सैल पडले. आत्याबाईंनी त्याला उठवून छातीशी धरलं, मग माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "जाऊ द्या आता. ल्हान हाय ती." थोरल्या मामंजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि असा पुतण्या सगळ्यांना मिळो, असं काहीतरी म्हणाले. चहा आला. युनिट चालू ठेवायचं ठरलं, मशीनवर एक गडीमाणूस ठेवायचा आणि मी तिकडं फिरकायचं नाही, हेही ठरलं. ते ठरताना माझ्या हातात कप होता. आज ते खाद्य चांगलं खपतं, माळशिरसपर्यंत जातं. शेडसमोर टेम्पो उभे असतात. नवा गडी पहिली घमेली परत आत टाकतो, आणि त्याला ते थोरल्या मामंजींनी शिकवलं, असं तो सांगतो.

घरी परतताना नवरा हलका झाला होता. रस्त्याकडेच्या सोयाबीनच्या शेंगा बघत, एखादी तोडून दाणे दाबत चालला होता. "सुटलो बघ," तो म्हणाला. "गाय बी दिऊ, गोडी बी राहिली, युनिट बी वाचलं. आता कोण तुला काय बोलायचं न्हाय."

मी बरंच अंतर चालले. मग ओढ्याच्या पुलावर थांबले. तोही थांबला, दोन पावलं पुढं जाऊन.

"अहो," मी म्हटलं, "मी माफी मागितली नव्हती."

त्यानं मागं वळून बघितलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता, लाज नव्हती. आजाऱ्याची समजूत घालावी तसा तो मायेनं बोलला.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "तू मेलीस तरी मागितली नसतीस. म्हणून तर मी मागितली."